केबल काढल्यावर

आई गेली आणि हॉलमध्ये, तिला निजवलं होतं त्या जागी, ताईने पणती लावली. खाली तांदळाचं पीठ पसरलेलं, वात दक्षिणेकडे. सुतकाचे दिवस संपेपर्यंत ही पणती विझू द्यायची नाही आणि एकटी सोडायची नाही, अशी आमच्याकडची रीत. ताई बोरिवलीहून राहायला आली होती. दुपारी ती आत जरा पडायची आणि पणतीपाशी मी बसायचो. मांडीवर लॅपटॉप, बाजूला आईचं यंत्र.

यंत्र म्हणजे पुस्तकं वाचून दाखवणारा एक डबा, जेवणाच्या डब्याएवढा. वर मोठी उठावदार बटणं. आमची कंपनी लहान, मुलुंडला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक गाळा. नजर गेलेल्या किंवा जात चाललेल्या माणसांसाठी आम्ही हे यंत्र करत होतो. आईच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला, अक्षरं मधोमध पुसट दिसू लागली, तेव्हा सुरुवातीच्या नमुन्यांतला एक मी घरी आणला.

आईचं ऐकणं तुकड्यातुकड्यांचं. शेंगदाणे सोलताना थोडं, कुकरची शिट्टी होईपर्यंत थोडं, कुणी दार वाजवलं की बंद. आयुष्यभर ती असंच वाचत आली होती. म्हणून यंत्राने पुरतं बंद न होता झोपावं आणि बटण दाबताच उठून बोलू लागावं, अशी माझी खटपट होती. हे झोपवणं-उठवणं कर्नेलचं काम, म्हणजे यंत्राच्या आत सगळ्यांना कामं वाटून देणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं. आणि आमच्या गाळ्यात कर्नेल माझ्याकडे.

पण आईचं यंत्र पुष्कळदा उठतच नसे. बटण बराच वेळ दाबून धरून ते मारायचं, मग नव्याने सुरू करायचं. तेवढ्यात चहा उकळून व्हायचा. आई मालवणची. ती म्हणायची, "झिला, तुझा ह्या मशीन झोपता नीट. उठूक इसारता."

मी ते कितीदा तरी गाळ्यावर नेलं. तिथे ते दर वेळी उठायचं. मित्राने, म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर यंत्राचं सर्किट सांभाळणाऱ्याने, एकदा ओळीने शंभरदा झोपवून उठवलं. "काकूंना सांग, मशीन मला घाबरतं," असं म्हणाला. मी घरी येऊन सांगितलं. आई हसली आणि म्हणाली, "मगे त्याकाच हडे पाठव." पुढे पुढे तिने यंत्र लावणंच सोडलं. थांबण्याइतकी उसंत तिच्याजवळ कधी नव्हतीच.

पणतीपाशी बसलो असतानाच कंपनीच्या सरांचा फोन आला. आधी त्यांनी विचारपूस केली, मनापासून केली. मग म्हणाले, "हे बघ, महिनाअखेरीस पहिली खेप अंधशाळेत जाते. ते झोपवणं-बिपवणं काढून टाकू या. बटण दाबलं की बंद, परत दाबलं की चालू. पंख्यासारखं. पंख्याला कोणी विचारतं का, काल कुठे थांबला होतास?"

"पंखा पुस्तक वाचत नाही, सर."

"वाचलेली जागा कार्डावर लिहून ठेव ना. प्रश्न संपला."

"जागा राहील. वाट बघणं राहीलच."

"घरचे दिवस संपेपर्यंत बघतो. पण मग काढायचं हं."

जागेचा प्रश्न नव्हताच. चहा उकळेपर्यंत थांबावं लागलं की माणूस यंत्र बाजूला ठेवतो, हे मी घरात पाहिलं होतं. आता ज्यांच्याकडे ते जाणार त्यांनीही बाजूला ठेवावं, हे मला मान्य नव्हतं. दुसरं काही करण्यासारखं माझ्या हातात उरलं नव्हतं. हे होतं.

मी यंत्र पणतीशेजारी ठेवलं आणि झोपवलं. तासाभराने बटण दाबलं. उठलं नाही. मारून पुन्हा सुरू केलं, पुन्हा झोपवलं. नाही उठलं. ताई डोळे चोळत बाहेर आली.

"किती छळतोस रे त्याला?"

"झोपवतोय."

"मग झोपू दे ना. तूही झोप जरा."

मी सगळा कोड पहिल्यापासून वाचायला घेतला. यंत्र झोपताना कर्नेल एकेका भागाला निरोप देतं: हातातलं काम पुरं कर, कुठे होतास ते लक्षात ठेव आणि वीज कमी कर. जो दुसऱ्याच्या आधारावर चालतो त्याने आधी झोपायचं, आधार देणाऱ्याने नंतर. उठताना उलट. सगळेच एकसारखे झोपत नाहीत. कुणाला डुलकी पुरते, कुणाची वीज पार तोडली तरी चालते. मात्र बटणांची चिप जागीच राहायला हवी, कारण बाकीच्यांना हाक तीच मारणार. हे सगळं मीच लिहिलेलं होतं आणि वाचताना सरळ वाटत होतं. पण आईचं यंत्र उठत नव्हतं, तेव्हा कुठेतरी ते सरळ नव्हतं.

मित्र भेटायला आला तो रविवारी. ताईशेजारी बसून आईविषयी बोलला, तिच्या हातच्या सोलकढीची आठवण काढली. मग बॅग उघडून हळूच एक केबल माझ्या हातात दिली. गाळ्यावर प्रत्येक यंत्राला ही कायम जोडलेली असते. आत काय चाललंय ते तिच्यातून ओळीओळीने पडद्यावर दिसतं. त्या ओळींशिवाय काम करणं म्हणजे आमच्यासाठी डोळे बांधून काम करणं.

"घरी ही नाही म्हणालास ना? लाव, आणि बघू या ते कुठे मरतं."

मी केबल लावली, यंत्र झोपवलं. आम्ही चहा घेतला. बटण दाबलं. उठलं.

पुन्हा केलं. उठलं.

"बघ, घाबरतं मला," तो म्हणाला खरा, पण पुढचं हसू त्याच्या तोंडातच राहिलं. मी केबल काढली आणि झोपवलं. बटण दाबलं. काही नाही.

"थांब," तो म्हणाला. "गाळ्यावर आपण केबल कधी काढतो?"

"काढतच नाही."

"वाट लागली, यार."

केबलमधून ओळींबरोबर किंचित वीजही यंत्रात झिरपत होती. अगदी थोडी, पण बटणांची चिप जागी ठेवायला पुरेशी. आमच्याकडची प्रत्येक चाचणी आम्ही त्या यंत्राचा हात धरूनच घेतली होती. घरी, ओट्यावर, आईजवळ ते एकटं होतं.

आता कुठे बघायचं ते कळलं. त्याने कागदावर सर्किट काढलं. आवाजाची चिप आणि बटणांची चिप एकाच वीजपुरवठ्यावर. कर्नेल अशा पुरवठ्याच्या गिऱ्हाइकांची मोजदाद ठेवतं आणि शेवटचं गिऱ्हाईक गेलं की पुरवठा तोडतं. आवाजाच्या ड्रायव्हरने, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, नाव नोंदवलं होतं, बटणांच्या ड्रायव्हरने नव्हतं. यंत्र जागं असताना दोन्ही चिप सुखात. झोपताना आवाजवाला रीतसर निरोप घेऊन निघायचा. कर्नेलच्या लेखी आता तिथे कुणी नव्हतं. ते वीज तोडायचं आणि हाक मारणारीच अंधारात पडायची.

निघताना मित्र दाराशी "येतो" म्हणणार, तेवढ्यात ताईने मान हलवली. अशा घरातून निघताना ते म्हणायचं नसतं. त्याने ओठ मिटले, पणतीला हात जोडले आणि गेला.

बदल मोजक्या ओळींचा होता. बटणांच्या ड्रायव्हरने आपलं नाव गिऱ्हाइकांत नोंदवायचं आणि झोपेतही पुरवठा सोडायचा नाही. ओळी लिहून झाल्यावर मी घाई केली नाही. केबल दूर कपाटावर ठेवली. यंत्र झोपवून सबंध दुपार तसंच राहू दिलं. पणतीत तेल घातलं, वात सारखी केली. ऊन खिडकीवरून उतरल्यावर बटण दाबलं, आणि अर्ध्यावर तुटलेलं वाक्य आवाजाने लगेच पुढे चालू केलं. मी परत झोपवलं, परत उठवलं. मग मित्राला फोन केला. दुसऱ्या दिवशी त्याने गाळ्यावरच्या सगळ्या यंत्रांच्या केबली काढून तेच केलं. एकूण एक उठलं.

सरांचा निरोप दोनच शब्दांचा आला: "राहू दे."

दिवस झाले, पणती उचलली. ताई बोरिवलीला परतायच्या आदल्या सकाळी मी पुस्तक वाचत बसलो होतो. ती ओट्यापाशी मटार सोलत होती. यंत्र तिथेच, आईच्या जागेवर होतं. तिने कोपराने बटण दाबलं. आवाज लगेच सुरू झाला. ती सोलत राहिली. कुकरची शिट्टी झाली तसं तिने कोपरानेच ते बंद केलं, गॅस बारीक केला, डाळीला फोडणी दिली, दारावर आलेल्या शेजारणीशी दोन शब्द बोलली. मग उरलेल्या शेंगा पुढ्यात घेतल्या आणि पुन्हा बटण दाबलं.