सत्काराचा नारळ

निरोप समारंभात मी चुकीचं भाषण ठोकलं. आमच्या पाचगणीच्या शाळेचं स्वयंपाकघर वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या मावशी नोकरी सोडताहेत, एवढंच मी ऐकलं होतं. म्हणून सांगितलं, "आता घरी बसा, नातवंडं खेळवा." सभागृह खदखदून हसलं. मावशी दुबईला पुतणीबरोबर खानावळ काढायला निघाल्या होत्या!

"जेवलास का?" हेही दरडावून विचारणाऱ्या मावशी उठल्या. "समदी म्हनत हुती, पन्नाशीत कुठं परदेश? आला का न्हाई व्हिसा?"

सत्काराचा नारळ त्यांनी तिथंच व्यासपीठाच्या पायरीवर फोडला. "इमानात नेऊ देत न्हाईत. खावा समदी!"

टाळ्या थांबेनात. मोठासा तुकडा माझ्या हातावर ठेवत त्या म्हणाल्या, "घाला तोंडात, सर. तोंड भरलेलं आसलं की तुमी लय शाने दिसता."