हरणांसाठी पेरलेली मोहरी

लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या सासूबाईंनी हरणांसाठी मोहरी पेरली. रिठदकडे आमचं शेत होतं. नाल्याच्या काठाने जमिनीचा एक अरुंद पट्टा पडीक होता. हरभरा वर आला की हरणांचा कळप नाल्यातून चढून थेट त्यात शिरायचा. वाटेतच पोटभर मिळालं तर ती पुढं येणार नाहीत, असं सासूबाईंचं, म्हणजे आमच्या आत्याबाईंचं म्हणणं. म्हणून पट्ट्यात मोहरी, आणि मध्ये मध्ये मुळा.

मामंजी चिडले. "चोरट्यायसाठी पाट मांडून राह्यली काय तू?"

"मांडला. घरात शिरल्यापरीस अंगणात जेवलेले बरे."

आणि ते साधलं. हरणं मोहरीतच थांबू लागली. मुळ्याचा पाला तर आधी संपायचा. हरभरा फुलावर आला तरी त्याचे शेंडे शाबूत होते. मामंजी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं पट्टा दाखवू लागले. तशी ती गोष्ट पाटलांच्या घरी पोचली. संक्रांतीच्या तोंडावर त्यांचे जावई आलेले होते आणि त्यांना शिकारीचा शौक होता. आम्हाला याचा पत्ता नव्हता.

त्या दिवशी आत्याबाई, माझी धाकटी नणंद आणि मी मोहरीला लागून असलेल्या पऱ्हाटीत कापूस वेचत होतो. उन्हं कलली होती. आत्याबाई आणि मी खाली बसून ओटीतला कापूस गाठोड्यात भरत होतो. नणंद बरीच पुढं, पट्ट्याच्या बाजूला वाकलेली. हरणं आली. आमची त्यांना सवय झाली होती. मी बघत राहिले, तेवढ्यात आत्याबाईंनी माझं मनगट आवळलं.

"पाह्य. बाभळीखाली."

नाल्याच्या काठावर बंदुकीची नळी दिसत होती. मध्ये हरणं, आणि त्यांच्या मागं सरळ रेषेत नणंद. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मी ओरडायला तोंड उघडलं. आत्याबाईंनी ते हातानं दाबलं.

"ओरडू नको. आवाज आला की उभी राहील ते पोरगी."

मला खाली दाबून त्या पऱ्हाटीच्या दोन ओळींमधल्या तासातून रांगत निघाल्या. लुगडं काट्याकुट्यात अडकायचं, त्या ओढून पुढं जायच्या. मला पऱ्हाटीचे शेंडे हलताना तेवढे दिसत. नणंदेची ओटी भरली होती. ती आता कंबर सरळ करणार, हे मला कळत होतं, आणि मी हाक मारू शकत नव्हते. ती उठू लागली. खालून एक हात आला, त्यानं तिचा पदर धरला, आणि ती दिसेनाशी झाली. त्याच क्षणी बार झाला.

कळप उधळला. मग कुठंच हालचाल नाही. पऱ्हाटीत नाही, काठावर नाही. मग नणंदेचं रडू ऐकू आलं, आणि मी धावले.

दोघी जिवंत होत्या. आत्याबाईंची कोपरं सोलून निघाली होती. त्यांच्या डोक्यावरच्या पऱ्हाट्या मोडून लोंबत होत्या.

जावई पळत आले. चेहरा पांढराफटक. "मले तुमी दिसल्याच नाई जी!"

"जवाईबापू, बंदूक पयले खाली ठेवा."

त्यांनी ती मातीत ठेवली. एक हरणी मोहरीच्या कडेला पडून धापा टाकत होती. आत्याबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"हिले मीच बलावलं व्हतं," त्या म्हणाल्या. धाप थांबेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आमची जनावरं मोहरीत सोडली. दुपारपर्यंत पट्टा साफ झाला. हरणं पुन्हा हरभऱ्यात येऊ लागली. आम्ही आळीपाळीनं डबा बडवत राखणीच्या माचीवर बसायचो, तरी निम्मं पीक गेलं. पाटलांकडून नणंदेला लुगडं आलं. परत पाठवणं गावात शोभलं नसतं, म्हणून आत्याबाईंनी ते ठेवून घेतलं. नणंद मात्र त्या वर्षी पुन्हा कापूस वेचायला आली नाही, आणि तिला कुणी बोलावलंही नाही.