सुईला भिणारा पैलवान

पैलवान मामा सुईला भ्यायचा. थोडाथोडका नाही, लहान पोरासारखा भ्यायचा. उंची अशी की आमच्या घरात येताना चौकटीखाली वाकावं लागे, कान कुस्तीत चुरगळून भज्यांसारखे झालेले, आणि दवाखान्यात कुणाला इंजेक्शन देताना दिसलं की हा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा. तरुणपणी पायात खिळा घुसला तेव्हा डॉक्टर सुई भरायला उठले आणि मामा लंगडत उसाच्या फडात पळाला, असं आई सांगायची. त्यावर मामा चिडायचा नाही. "पळालो न्हाय. ऊस कसा आलाय ते बगायला गेल्तो," म्हणायचा.

तो आईचा थोरला भाऊ. मोडनिंबजवळच्या गावात राहायचा. गुडघा दुखावल्यावर कुस्ती सुटली होती, पण गावच्या तालमीत पोरांना शिकवायचा. लग्न केलं नाही. "मला बायकू मिळंल, पर तिला माझ्यासाठी भाकरी थापायला दुसरी बाई ठिवावी लागंल," हे त्याचं उत्तर.

मी पाच वर्षांची असताना एकदा तो सोलापूरला आमच्याकडे आला. मी तेव्हा सारखी पाणी पीत होते, अंथरूण ओलं करत होते, आणि उन्हाळ्यामुळे असेल म्हणून घरात कुणी फार मनावर घेतलं नव्हतं. मामा आला की मला एका हातावर उचलून छताला टेकवायचा. त्या दिवशी त्याने उचललं आणि तो तसाच थांबला.

"आगं, ही हलकी झालीया," तो आईला म्हणाला. "लई हलकी. चप्पल घाल. डाक्टरकडं जायचं."

"जेवून घे आधी, दादा."

"जेवान पळून जात न्हाय."

दवाखान्यात शुगर तपासली आणि तिथेच दाखल करून घेतलं. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. मला आठवतो तो फक्त खाटेशेजारी जमिनीवर मांडी घालून बसलेला मामा. स्टूल त्याला पुरत नव्हतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की हिच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही, ते रोज बाहेरून द्यावं लागेल, जन्मभर. मामाने विचारलं, "खुराकानं भरून न्हाय निघायचं?" नाही. "तालमीनं?" खेळू दे, पळू दे, पण इन्सुलिन लागणारच. मामाने स्वतःचे पंजे उलटेपालटे करून पाहिले. आई शाळेत शिकवायची, बाबा चादरीच्या कारखान्यात. दुपारी घरी मी आणि शेजारच्या काकू. मला सांभाळायला आईने नोकरी सोडायचं बोलून दाखवलं, तेव्हा मामा म्हणाला, "नोकरी सोडू नगं. मी ऱ्हातो हितं."

"राहा की," तिथली सिस्टर हसत म्हणाली. "पण मग सुई द्यायला शिकावं लागेल, पैलवान."

आधी मोसंब्यावर सराव झाला. मोसंब्याला टोचताना मामाला दरदरून घाम फुटला. मग सिस्टरने त्याला नवी, रिकामी सिरिंज देऊन स्वतःच्याच पोटाला टोचून बघायला सांगितलं. मामाने डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, सुई टोचली आणि बसल्या जागी आडवा झाला. त्याला उठवायला दोन वॉर्डबॉय आणि बाबा लागले. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "गेली का आत?" आत गेली होती. "मग जमलं की!"

मला पहिली सुई द्यायला तो तीनदा पुढे आला आणि तीनदा मागे सरला, तेव्हा मीच म्हणाले, "मामा, भिऊ नको." तो म्हणाला, "मी कुटं भितोय? तू डोळं मीट." मी मिटले. उघडून बघते तर त्यानेही मिटलेले. आई ओरडली, "अरे दादा, एकाने तरी बघा!" मग त्याने डोळे उघडले आणि दिली. पुढे त्याच्या जाड बोटांना अशी सवय झाली की सुई लागल्याचं मला कळायचंही नाही. त्याला मात्र दर वेळी कळायचं. "आई गं" मी नाही, तो म्हणायचा.

शुगर कधी चढायची, कधी उतरायची. आईच्या चेहऱ्यावर मशीनमधला आकडा लगेच उमटे. मामाचं तसं नव्हतं. "वर गेली, खाली आणू. खाली गेली, वर आणू. रडायचं कशापाय?" एवढंच तो म्हणायचा. पोळी, भात, केळं यांचा अंदाज तो आईकडून शिकला. वाढदिवसाला मला केक द्यायचा की नाही यावर घरात वाद झाला, तेव्हा त्याने डॉक्टरांना फोन लावला, किती तुकड्याला इन्सुलिन किती ते विचारलं, आणि सगळ्यांत आधी मला केक भरवला.

त्याची खरी परीक्षा झाली गड्ड्याच्या जत्रेत. जानेवारीतली संध्याकाळ, सिद्धेश्वराची यात्रा भरलेली. निघायच्या घाईत मी सुई घेतली आणि ताट अर्धंच संपवलं. "तिथे भजी खाईन" असं मामाला वचन दिलं आणि तिथे गेल्यावर भजी विसरून पाळण्यापासून मौत का कुआँपर्यंत नुसती पळत सुटले. थोड्या वेळाने मला घाम आला. सगळे दिवे एकमेकांत मिसळायला लागले. मामाने माझं मनगट धरून तोंडाकडे पाहिलं आणि खिशातून ग्लुकोजची पुडी काढून पाण्याच्या बाटलीत कालवली. शुगर उतरली की मी चिडकी व्हायची. त्या दिवशी तर त्याला मी ओळखलंच नाही. मी त्याच्या छातीवर बुक्क्या मारत ओरडले, "सोड मला! हा कोण आहे? मला आईकडे जायचंय!"

एक राक्षसाएवढा माणूस किंचाळणाऱ्या पोरीच्या तोंडाला पांढरं पाणी लावतोय. लोक जमायला काय वेळ लागतो? "पोर पळवतोय! धरा त्याला!" असा गलका झाला. कुणीतरी मामाची कॉलर धरली, पाठीत एक ठोसा बसला. त्या सगळ्यांना तो झटक्यात लोळवू शकला असता. पण तो मला घेऊन तिथेच मातीत बसला. अंगावर हात पडत होते आणि तो एका हाताने बाटली सांभाळत होता.

"मला नंतर मारा की," तो म्हणाला. "पळून जात न्हाय. आदी हिला पिऊ द्या. शुगर उतरलीया पोरीची."

त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे, कॉलर धरणारा थबकला. मी एक घोट घेतला, थुंकले, पुन्हा घेतला. मामा पुटपुटत होता, "पी माझी बाय, अजून एक." हळूहळू दिवे आपापल्या जागी गेले. मी वर पाहिलं आणि म्हणाले, "मामा, तुझा शर्ट कुणी फाडला?"

गर्दीतून कुणीतरी हसलं. कॉलर धरणारा माणूस ओशाळून उभा होता. मामाने माझं बोट टोचून शुगर बघितली, मग त्याला म्हणाला, "आता उभा हायस तर भजी आन की गरम. पोरीला खायाला पायजे." तो धावत गेला आणि भज्यांसोबत केळीही घेऊन आला. घरी फाटका शर्ट बघून आई घाबरली. मामा म्हणाला, "पाळण्यात आडकला." खरं काय ते मीच सांगून टाकलं.

चौथीत गेल्यावर मी स्वतःची सुई स्वतः घ्यायला लागले. मामा काही दिवस शेजारी बसून बघत राहिला, मग एका सकाळी पिशवी भरून गावी गेला. तालमीतली पोरं वाट बघत होती. त्यानंतर रोज फोन यायचा, "किती?" मी आकडा सांगायची, तो "बरं" म्हणून ठेवायचा.

मी कॉलेजात असताना एकदा आकडा न विचारता तो म्हणाला, "ये गावाकडं." तिथल्या एका मेंढपाळाच्या लेकीला, कोमलला, माझाच आजार निघाला होता. कुणीतरी झाडपाल्याचं औषध देतो म्हणालं आणि बाप सुई बंद करायला निघाला होता. मामा मला घेऊन त्यांच्या दारात गेला. वाद घालेल असं वाटलं होतं. त्याने बापाला माझ्यासमोर बसवलं. "ही माजी भाची. पाच वर्साची असल्यापास्नं सुई घेती. पंजा लढीव हिच्यासंगं."

मी जोर लावला, पण हरले. बाप संकोचून हसला.

"हरली," मामा म्हणाला. "पर जिती हाय न्हवं? तवा आमी सुई बंद केली असती, तर तुझ्याकडनं हरायला आज हितं बसली नसती."

कोमलची आई उठली आणि गार राहावी म्हणून माठात ठेवलेली इन्सुलिनची बाटली काढून माझ्यासमोर बसली. "कशी भरायची ती परत एकदा दावा, ताई."

त्यानंतरच्या दिवाळीला मामा गेला. झोपेतच. मी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं, तालमीतली पोरं भिंतीला टेकून रडत होती. आईजवळ जाऊन बसले. किती वेळ गेला कळलं नाही. मग कोमलचा बाप वाकून हळूच म्हणाला, "ताई, तुमची जेवायची येळ झाली आसंल. आमच्या घरनं भाकरी आनलीया."

मृताच्या दारात कुणी जेवत नाही. पण ओसरीच्या कोपऱ्यात कोमल ताट घेऊन बसली होती, तिची सुई झाली होती. मला बघून ती सरकली. मी पोटाला इन्सुलिनची सुई टोचली आणि तिच्या शेजारी बसून, सगळ्यांसमोर, पोटभर जेवले.