चाचांनी अडवलेला हार

अकोटची कपाशी गेली, त्याच वर्षी बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्या. आईनं आपली एक दिली. पण ती टिकवणाऱ्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबली आणि फुफ्फुसात बुरशी शिरली; नुसतं हसलं तरी खोकल्याची उबळ यायची.

घरातला पहिला पदवीधर मी. डॉक्टरांची चिठ्ठी गल्लीत मीच वाचून दाखवली: माती, फुलं घरात नकोत, त्यांतूनही बुरशी येते. ती पाळली मात्र प्रत्येक गोष्ट दोनदा बोलणाऱ्या फूलवाल्या चाचांनी.

दवाखान्यातून आलेल्या ऑटोतून बाबा उतरताच आत्या हार घेऊन धावली. चाचा आडवे आले.

"थांब बाई, थांब! फुलं नाई, फुलं नाई!"

"तुमच्याच दुकानातला हाय न हार!"

"म्हणूनच सांगून राहिलो, म्हणूनच!"

हार हिसकून त्यांनी ऑटोच्या आरशाला घातला. "भाऊले आणलं यानं, सत्कार याचा!"

ऑटोवाला लाजला. बाबा मास्कमागून खदखदून हसले आणि त्यांना खोकला आला नाही.