तीनदा मारलेला व्हायरस

मी त्याची कॉलर धरली आणि त्याचं तोंड मशीनच्या लोखंडी दरवाज्यावर आपटलं. एकदा नाही, तीनदा. पहिल्या वेळी नाक फुटलं, दुसऱ्या वेळी ओठ. तिसऱ्या वेळी तो ओरडायचा थांबला, तेव्हा दोघांनी मला मागून कवेत धरून ओढलं. माझं वय तेव्हा सदुसष्ट. ओढायला दोघं लागले, हे मी आजही सांगतो. त्यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही हे मला नंतर कळलं, पण सांगायची सवय जात नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. विदर्भातून फरीदाबादला आलो तेव्हा मिसरूड फुटत होतं. लोखंड कातायच्या लेथवर उभा राहिलो तो राहिलोच. हाताच्या लेथ गेल्या, कम्प्यूटरवाल्या आल्या, बरोबरीचे लोक घाबरून निघून गेले. मी नाही गेलो. रिटायर झालो तरी मालकानं ठेवून घेतलं. सगळे मला 'ताऊ', म्हणजे मोठे काका, म्हणायचे.

आमच्याकडे अशा चार मशिनी होत्या, जुन्या. त्यांच्या डोक्यात जागा कमी, मोठा प्रोग्राम मावत नाही. म्हणून प्रत्येकीच्या बाजूला एक कम्प्यूटर. तो वायरीतून मशीनला एकेक ओळ पाजतो. ओळ आली की टूल, म्हणजे लोखंड कापणारं पातं, हलतं, पुढची ओळ आली की पुढे सरकतं. चारी कम्प्यूटर एकमेकांना जोडलेले आणि पासवर्ड सगळ्यांचा एकच, मालकाच्या गाडीचा नंबर. बाहेरचं इंटरनेट नव्हतं. त्यामुळे आपल्याला काही होत नाही, असं आम्ही समजून होतो.

मग कम्प्यूटर अडखळायला लागले. मध्येच गप्प व्हायचे. टूल जॉबवर, म्हणजे कातायच्या लोखंडी तुकड्यावर, टेकलेलं, जॉब गरगर फिरतोय आणि पुढची ओळच येत नाही. घासून घासून टूल लाल व्हायचं, फाटकन फुटायचं. एका दिवसात सात टूलं फुटली. फुटलेला तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा जायचा. दरवाज्याची काच दोनदा तडकली.

मालकानं कम्प्यूटरवाला बोलावला. तो म्हणाला, व्हायरस आहे. त्यानं चारी कम्प्यूटर पुसून कोरे केले, आठवड्यात व्हायरस परत आला. दुसऱ्यांदाही कोरे केले. परत आला. तिसऱ्यांदा पुन्हा कोरे केले आणि मालकानं सगळ्यांचे पेन ड्राइव्ह मागवले, टेबलावर ठेवून हातोड्यानं चेचले. "आज के बाद किसी के हाथ में पेन ड्राइव्ह दिखा तो हाथ तोड़ दूँगा," असं म्हणाला. तरी आला.

चौथ्यांदा रक्त सांडलं.

तीन नंबरच्या मशीनवर बिहारचा एक ऑपरेटर होता, माझा जेवणाचा जोडीदार. कम्प्यूटर गप्प झाला, टूल थांबलं. टूलाला लोखंडाच्या कुरळ्या सालांचा गुंता बसला होता. दरवाजा उघडला की मशीन बंद पडावी असा एक स्विच असतो. आमच्याकडे तो तारेनं बांधून टाकलेला. कोण सारखं बंद-चालू करत बसणार? त्यानं दरवाजा उघडला, गुंता काढायला हात घातला आणि त्याच क्षणी कम्प्यूटरला जाग आली. अडकलेल्या ओळी भसाभस आल्या. टरेट, म्हणजे टूलं धरणारं ते जाड चाक, त्याचा हात घेऊन जॉब पकडणाऱ्या चकवर गेलं.

मी लाल बटण दाबलं. दोन बोटं टूल थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या पांढऱ्या पाण्यात पडली होती. मीच काढली, रुमालात बांधली, त्याच्याबरोबर गाडीत दिली. डॉक्टरांना ती जोडता आली नाहीत.

गाडी गेटबाहेर पडली आणि माझ्या डोक्यात एकच माणूस आला, मेंटेनन्सवाला. चाळिशीचा, शेजारच्या पलवलचा, जिभेचा तिखट. त्याचं माझं आधीपासून वाकडं. सगळ्यांसमोर म्हणाला होता, "ताऊ, मशीन तुमसे नहीं चलती, तुम मशीन से चलते हो." ते मी विसरलो नव्हतो. शिवाय तो मोबाइल कम्प्यूटरला लावून चार्ज करायचा. सगळ्यांनी पाहिलेलं.

"तूने डाला!" मी म्हणालो.

"क्या डाला? पागल हो गए हो क्या, ताऊ?"

पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

मालकानं त्याला स्टोअररूममध्ये कोंडलं. बाहेरून कुलूप. "जानबूझकर किया है इसने. एक आदमी का हाथ गया. पुलिस के हवाले करता हूँ," म्हणाला. पोलिसांना फोन गेला. दुसरा फोन गुरुग्रामला, एका मोठ्या कम्प्यूटर कंपनीत. पोलिसांच्या आधी तिथली इंजिनीअर पोचली. तिशीची पोरगी, पाठीला बॅग. मी तीन नंबरच्या चकवरचं रक्त पुसत होतो आणि मराठीत शिव्या देत होतो.

"काका, शिव्या ऐकून बरं वाटलं. नांदेड सोडल्यापासून अशा ऐकल्या नव्हत्या."

"हसायला आलीस की काम करायला?"

"दोन्ही जमतं मला. सरका."

ती बसली. बॅगेतून कोरा पेन ड्राइव्ह काढला, त्यात एक फोल्डर बनवलं आणि तो कम्प्यूटरला लावला.

"काका, ह्या पिवळ्या फोल्डरकडे बघत राहा."

मी बघत होतो. फोल्डर एकदा लुकलुकल्यासारखं झालं. मग तसंच होतं.

"काय झालं? काहीच नाही."

"खरं फोल्डर गेलं. लपवलं आत बसलेल्यानं. हे त्याच्या जागी उभं आहे, तेच नाव, तोच चेहरा. तुम्ही ह्यावर क्लिक केलंत की आधी तो कम्प्यूटरमध्ये घुसतो, मग तुमचं खरं फोल्डर उघडून देतो. तुम्हाला वाटतं, सगळं नीट आहे."

"म्हणजे व्हायरस."

"वर्म म्हणतात ह्याला. व्हायरसला कोणाच्या तरी फाइलीच्या पाठंगुळी बसून जावं लागतं. हा स्वतःच चालतो. एका कम्प्यूटरमध्ये आला की वायरीनं दुसऱ्याचं दार वाजवतो. तुमच्या चौघांना एकच पासवर्ड, एक कुलूप उघडलं की चारही उघडली. ह्या धावपळीत मशीनला ओळ पाठवायला कम्प्यूटरला सवडच उरत नाही."

"मग मारून टाक ना!"

तिनं स्क्रीनवर एक यादी उघडली. दोन ओळी दाखवल्या, नावं कम्प्यूटरच्या स्वतःच्या फाइलींसारखी. एक बंद केली. मी तीनपर्यंत मोजलं नसेल, परत चालू. दुसरी बंद केली, पहिलीनं तिला उठवलं.

"दोघे एकमेकांची राखण करतात. दोघांना एकदम मारलं तरी कम्प्यूटर चालू होताना कोणाकोणाला उठवायचं त्या यादीत ह्यानं आपलं नाव घुसवलंय. तिथून खोडलं तर घड्याळ लावून ठेवलंय, दर दहा मिनिटांनी बघतं, आपला माणूस जिवंत आहे का. नसला तर लपवलेली कॉपी काढून परत उभा करतं."

"आणि कम्प्यूटर कोरा केला तर?"

"तर मरतो. तुमच्याकडे तीनदा मेला, काका. तीनदा कोणीतरी परत आणून बसवला." ती अजून एक यादी उघडून बघत होती. "हे बघा. कुठला पेन ड्राइव्ह कधी लागला, कम्प्यूटर लिहून ठेवतो. मागच्या वेळी कोरा केल्यापासून एकच लागलाय. सकाळी आठच्या आधी."

"आणि मेंटेनन्सवाला मोबाइल चार्जिंगला लावायचा, तो?"

"त्याचा मोबाइलही दिसतोय. नुसता चार्जिंगला लावलेला, त्यातून एकही फाइल आलेली नाही, आणि तारीखही वर्म आल्यानंतरची. त्या माणसाचा काही संबंध नाही."

सकाळी आठच्या आधी कारखान्यात मी एकटा असायचो.

पेन ड्राइव्ह माझ्या गळ्यात होता. दोऱ्यात ओवलेला, बनियनच्या आत. पूर्वी आमच्याकडे असलेल्या प्रोग्रामरनं मला त्यात सगळे प्रोग्राम भरून दिले होते आणि त्यात माझे आकडे होते. कोणत्या लोखंडाला टूल किती वेगानं न्यायचं, किती खोल घालायचं, हे मी वर्षानुवर्षं हात भाजून काढलेलं. मी बोललो, त्यानं टाइप केलं. ऑफिसातल्या कॉपीत हे नव्हतं. तो पेन ड्राइव्ह गेला तर माझ्यात आणि गेटवर उभ्या नव्या माणसात फरक काय? म्हणून मालकानं मागवले तेव्हा मी दिला नाही. आणि ताऊची झडती कोण घेणार? दर वेळी कम्प्यूटर कोरे झाले की सकाळी लवकर येऊन मी माझे आकडे परत भरायचो. मला वाटायचं, मी कारखाना वाचवतोय.

घाण लागली कुठे तेही मला तिथल्या तिथे कळलं. जयंतीला विहारात वाटायचं पत्रक ह्याच पेन ड्राइव्हवर होतं. बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे मी तो छपाईला लावला होता. त्याच्या कम्प्यूटरला दिवसभर शंभर लोकांचे पेन ड्राइव्ह लागतात.

"रिपोर्टमध्ये मी एवढंच लिहिणार, एक पेन ड्राइव्ह," ती म्हणाली. "कोणाचा, ते कम्प्यूटर सांगत नाही." तिचं लक्ष स्क्रीनकडे होतं. माझ्याकडे तिनं मुद्दाम पाहिलं नाही, हे मला समजलं.

स्टोअररूमच्या दारावर तो आतून लाथा मारत होता. "अरे खोलो! मेरे बच्चे हैं!" असं ओरडत होता, नाक बंद झाल्यासारख्या आवाजात. ते नाक मी बंद केलं होतं. दोन पावलांवर कूलंटची टाकी होती. दोरा तोडायचा, सोडून द्यायचा, काम संपलं. खोटं कशाला बोलू, मी दोरा तोडला. टाकीपर्यंत गेलोही. त्या पाण्याला अजून लाली होती.

मी मागे फिरलो. मालकाच्या टेबलावर पेन ड्राइव्ह आपटला.

"मेरा है. तीनों बार मैंने लगाया. उसको खोलो."

मालकानं खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाला, "ताऊ, आप? अरे, बैठो. पानी पियो. जानबूझकर थोड़े ही किया."

पाच मिनिटांपूर्वी ह्याच गोष्टीसाठी एक माणूस तुरुंगात जाणार होता. मला खुर्ची मिळाली. मी बसलो नाही.

कुलूप उघडलं. तो बाहेर आला. डोळा सुजून बंद, शर्ट छातीपर्यंत लाल. मालक त्याला म्हणाला, "गलतफ़हमी हो गई यार. ताऊ का पेन ड्राइव्ह था. जा, मुँह धो ले."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "हाँ. मेरा था."

टेबलाजवळ मोठा पाना पडला होता. त्यानं उचलला आणि माझ्या उजव्या खांद्यावर घातला. हाड तुटल्याचा आवाज मला आधी आला, दुखणं मागून आलं. मी खाली पडलो. त्यानं दुसऱ्यांदा उचलला आणि हातातच धरून राहिला. मारत नव्हता, टाकतही नव्हता. ती पोरगी पुढे झाली आणि तिनं तो त्याच्या हातातून काढून घेतला.

पोलीस तेव्हाच आले. मालक ओरडला, "देखो, बुड्ढे को मार डाला! ले जाओ इसे!"

"किसी ने नहीं मारा," मी जमिनीवरून म्हणालो. "तेल पर पैर फिसला."

"और इसका मुँह?" पोलिसानं विचारलं.

"वो मैंने फोड़ा. मेरी गलती थी. मुझे ले जाना है तो ले जाओ."

पोलिसानं माझं वय पाहिलं, त्याचं तोंड पाहिलं, मालकाकडे पाहिलं. मेंटेनन्सवाल्याला विचारलं, तक्रार करायची आहे? त्यानं मान हलवली, नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाला, "बाबा, गिरने से ऐसे नहीं टूटता."

"हड्डी मेरी है," मी म्हणालो. "कैसे टूटी मुझे पता है."

मेंटेनन्सवाला अजून त्याच कारखान्यात आहे. माझा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून मी लेथ सोडली. जोडीदार तीन बोटांनी चहाचा ग्लास धरतो. मी त्याच्याकडे दर रविवारी जातो, तो दार उघडतो. सगळं त्याला मीच सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग बायकोला म्हणाला, ताऊ के लिए रोटी बना.

मेंटेनन्सवाला मात्र बाजारात मी दिसलो की रस्ता ओलांडून पलीकडे जातो. मी त्याला हाक मारत नाही. माफी मी एकदा मागितली, त्यानं दिली नाही, तो त्याचा हक्क आहे. दुसऱ्यांदा मागायला जीभ वळत नाही. स्वभावाला काय करू? पण मी वाट बदलत नाही. तो पलीकडच्या फूटपाथवरून माझ्या बरोबरीनं येईपर्यंत सावकाश चालतो, म्हणजे पाहायचं असेल तर त्याला हा लोंबणारा हात नीट दिसावा.