नाडीला बांधलेली किल्ली

सुमनताईंवर अन्याय झाला तो तीन वर्षांमागच्या दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी, शाळेची घंटा व्हायच्या सुमारास. चकलांब्याजवळच्या फाट्यावर ऊसतोडीच्या ट्रॅक्टरची वाट बघत त्या गाठोड्यावर बसल्या होत्या. गावच्या पुढाऱ्याच्या सोळा वर्षांच्या पोरानं बापाची पांढरी गाडी त्यांच्या पायावरून नेली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. संध्याकाळपर्यंत गावभर एकच वाक्य फिरत होतं: गाडी दगडूनाना चालवत होते.

वाक्य खोटं होतं. ते खोटं पाडलं खुद्द दगडूनानांनी. म्हणून हे पत्रक लिहितोय.

नाना त्या पुढाऱ्याच्या घरचे जुने ड्रायव्हर. गाडीची किल्ली कायम पायजम्याच्या नाडीला. कुणी मागितली की म्हणायचे, "किल्ली पायजे? मग आधी माझी अब्रू सोडा." गाडी सुरू करण्याआधी वाकून खाली बघायचे, बॉनेटवर दोन थापा मारायचे. "मांजर आसतंय, करडू आसतंय. आपल्याला बीडला जायची घाई हाय, हे त्येला काय ठावं?" अल्पवयीन पोरांच्या हाती गाडी देऊ नका, असं आमच्या मंडळाचं पत्रक मी त्यांना दिलं, तेव्हा ते हात लांब धरून वाचत म्हणाले, "लई वरडतोय बे तुझा कागद. जरा हळू सांग, म्हंजी बाप बी वाचंल."

हळू लिहायला मी अजून शिकलेलो नाही.

पण नाना काही देवमाणूस नव्हते. त्या पोराला ज्वारीच्या मोकळ्या रानात गाडी शिकवली ती त्यांनीच, मांडीवर बसवून, कौतुकानं. त्याच्या थोरल्या भावानं म्हैस उडवली तेव्हा नानांनी गुन्हा स्वतःच्या नावावर घेतला होता. आमच्याकडे हे सर्रास चालतं. पोरगं ठोकतं आणि लायसनवाला ड्रायव्हर उभा केला जातो. बाप सुटतो, विमा मिळतो, सगळे जेवायला बसतात. "म्हशीला बोलता येत न्हवतं, म्हणून खपलं," नाना नंतर म्हणाले.

या वेळी विम्याचा एजंट मालकाच्या ओसरीवर येऊन त्यांना समजावत होता. "नाना, तुमचं नाव लागलं तर कंपनी सरळ भरपाई देईल. पोराचं लागलं तर कंपनी हात झटकंल. नुकसान त्या बाईचंच. पुण्याचं काम समजा."

म्हणजे पाय तिचा तोडायचा आणि खोटंही तिच्याच भल्यासाठी बोलायचं!

नाना तिथून उठले ते थेट सरकारी दवाखान्यात. सुमनताईंना बघायला मी तिथंच होतो. ते त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बाई, मी खरं बोललो तर तुझी भरपाई अडकंल म्हणत्यात."

सुमनताईंनी नवऱ्याकडं पाहिलं. ऊसतोडीच्या मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तो आता मोडला होता.

"नाना, त्या पोराचं त्वांड बघितलंय मी. मोबाईलकडं बघून हासत व्हतं. आता कोर्टात तुमाला वळखू व्हय?"

"मग?"

"मग काय? जावा की ठाण्यात."

ठाण्यात मी सोबत गेलो. नाना म्हणाले, "मी त्या दिवशी धर्मापुरीला भैनीकडं गेलतो. माझी किल्ली माझ्या नाडीला व्हती. दुसरी दारामागच्या खिळ्याला. त्यो खिळा मालकानंच ठोकलाय. आन् हे बी लिवा, पोराला गाडी मी शिकवली."

"ते लिहायची गरज न्हाई, नाना," हवालदार म्हणाले.

"हाय. लिवा."

नोकरी त्याच दिवशी गेली. "खाल्ल्या मिठाला जागला न्हाईस," मालक ओरडले. नाडीची गाठ सोडता सोडता नाना म्हणाले, "जागलो, मालक. आज पोराला दडवलं आसतं तर उद्या त्यानं कुणाला तरी जिवानिशी मारलं आसतं."

पुढं नाना फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर बसत. उभ्या गाड्यांखाली वाकून बघायचे. गाडी कुणाचीही असो. लोक हसायचे. "हासा बे. करडू निघालं की मग हासू आपण," असं म्हणून तेही हसायचे.

गेल्या उन्हाळ्यात नाना गेले. निकाल त्यानंतर लागला: कंपनीनं भरपाई आधी सुमनताईंना द्यावी आणि मग ती गाडीच्या मालकाकडून वसूल करावी. एजंटानं ओसरीवर सांगितलेलं पुण्याचं काम कुणाला वाचवण्यासाठी होतं, ते कोर्टानंच दाखवून दिलं. सुमनताई कृत्रिम पाय लावून कोर्टाच्या पायऱ्या उतरल्या, खाली उभ्या असलेल्या जीपजवळ थांबल्या आणि काठीवर भार देत तिच्याखाली डोकावल्या. "नाना आसते तर आधी हेच केलं आसतं," म्हणाल्या.

वाचणाऱ्या बापांनो, तुमच्याही दारामागं पोराचा हात पोचेल असा खिळा असेल. हे पत्रक खाली ठेवा. उठा. खिळा उपटा. आणि उद्या कुणी तुमच्या ड्रायव्हरला दुसऱ्याचा गुन्हा नावावर घे म्हणालं, तर त्याच्यासोबत ठाण्यात जा आणि खरं लिहून घ्यायला लावा.