बसा मावशी

गाडी सुटताच शेजारच्या धोतरवाल्या गृहस्थांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "मी इथं नगराध्यक्ष होतो. दुष्काळ सरल्यावर जुना बाजार उठवून हे पक्के गाळे बांधले. गावाचं रूप पालटलं बघा."

पुढच्या थांब्यावर भाजीची पाटी घेऊन एक म्हातारी चढली. ते चटकन उठले. "बसा मावशी."

म्हातारीनं त्यांना ओळखलं. "आता बसा म्हणता व्हय? बाजारात बसले होते, तवा उठवलंत. गाळ्याचं भाडं आमाला झेपतंय व्हय? लई हिंडावं लागतंय आता."

म्हातारी उभीच राहिली, मग तेही बसले नाहीत. बेंबळीच्या थांब्यावर त्यांनी तिची पाटी उतरवून दिली. तेवढंच आता त्यांच्या हातात उरलं होतं.